हव्यघोषांची क्षमा

पूर्वी, त्रेतायुगाच्या आरंभी, जेव्हा ऋषींच्या तपाला धार होती आणि जिभेला त्याहून जास्त, तेव्हा दंडकारण्यात गोदावरीच्या उत्तर तीरावर महर्षी हव्यघोषांचा आश्रम होता. वट, औदुंबर आणि आम्रवृक्षांच्या घनदाट छायेत वसलेला, होमधूमाने सदैव सुगंधित, मृगशावकांनी निर्भयपणे दर्भ खाऊन टाकावेत आणि शिष्यांनी ते निमूटपणे पुन्हा तोडून आणावेत, असा तो पुण्यप्रद आश्रम पाहण्यासाठी आकाशमार्गाने जाणारे देवगणही क्षणभर आपली विमाने थांबवीत, असे म्हणतात. महर्षींची पत्नी धृतिमती या आश्रमाचा सगळा भार वाहत असे. देवगण खाली उतरून तिला पाण्याची एखादी घागर उचलू लागल्याचा उल्लेख मात्र कुठे सापडत नाही.

त्या काळी शाप फार स्वस्त होता. कुणी वंदन करायला विसरला, हो अजगर. कुणी भलत्या वेळी हसले, हो बाभूळ. अरण्यात एखाद्या सरड्याला खडा मारावा, तर तो पूर्वाश्रमीचा गंधर्व निघायचा आणि आपली करुण कहाणी सांगत बसायचा. अशा काळात एखादा ऋषी अपराधी माणसाला शाप न देता सोडून देईल, ही कल्पनाही कुणाच्या मनात येत नसे. म्हणून पुढे जे घडले त्याचा इतका गवगवा झाला.

एकदा वर्षाकाळी हव्यघोष एका राजाच्या यज्ञाला शिष्यांसह गेले. अग्निहोत्राचा अग्नी अखंड राखण्याचे व्रत धृतिमतीवर सोपवून गेले. एके दुपारी मुसळधार पावसात शेजारच्या आश्रमातील वत्सला नावाची तरुण ऋषिपत्नी प्रसूतिवेदनांनी तळमळू लागली. तिचा पतीही त्याच यज्ञाला गेलेला. धृतिमतीने अग्नीवर गोवऱ्या रचल्या, हात जोडले आणि ती धावली. सूर्यास्ताच्या सुमारास वत्सलेला कन्या झाली. तिचेच नाव पुढे रोचना ठेवले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत असे पाहून धृतिमती घरी परतली, तर छपरातून गळलेल्या पाण्याने अग्नी विझून गेला होता. छप्पर गळते आहे हे तिने महर्षींना ग्रीष्मातच सांगितले होते. ही गोष्ट मी इथे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण महर्षी ती कधीच सांगत नसत.

महर्षी परतल्यावर तिने स्वतःच घडला प्रकार त्यांना सांगितला. त्यांचे नेत्र आरक्त झाले, ओंजळीत शापोदक आले, शिष्य झाडांआड दडले. मग महर्षींनी ते जल भूमीवर सोडले आणि ते म्हणाले, "भद्रे, मी तुला क्षमा केली." धृतिमतीच्या डोळ्यांना धारा लागल्या. अरणी घुसळून नवा अग्नी सिद्ध झाला, प्रायश्चित्ताच्या आहुती पडल्या, ज्वाला पूर्वीसारख्या उसळल्या. गोष्ट इथे संपायला हवी होती. शहाण्याने संपवली असती.

महर्षींनी ती दुसऱ्याच दिवशी शिष्यांना सांगितली. मग शेजारच्या तपस्व्यांना. मग तीर्थयात्रेला निघालेल्या संन्याशांना वाटेत गाठून. सांगता सांगता तिच्यातला पाऊस ओसरला, छपराचे भोक बुजले आणि वत्सला तर कथेतून समूळ नाहीशी झाली. उरली ती एक प्रमादशील स्त्री, विझलेला अग्नी आणि ओंजळीतले ते जल, जे आता कथेत उकळू लागले होते. 'क्षमासागर' ही पदवी त्यांना चिकटली. दूरदूरचे ऋषी आश्रमात येत, भोजन करीत, कथा ऐकत आणि जाताना धृतिमतीला म्हणत, "भाग्यवान आहेस, माते!" त्यांची पाने तीच वाढत असे.

घरात तर बोलायची सोय राहिली नाही. समिधा संपल्या आहेत म्हटले की महर्षी अग्नीकडे पाहून सुस्कारा टाकीत. एवढ्या अतिथींना नीवाराचा भात पुरायचा कसा, असे विचारले की म्हणत, "असो. आम्ही कधी काही बोललो का?" हे वाक्य उच्चारणाऱ्या माणसाइतके बोलणारा माणूस तिन्ही लोकांत नसतो, हे काय मी तुम्हाला सांगायला हवे? कोळसा उगाळावा तितका काळाच निघतो, पण महर्षी तो चंदनासारखा उगाळून कपाळाला लावीत होते आणि लोक त्या कपाळापुढे वाकत होते. धृतिमतीने हे सगळे कित्येक वर्षे गिळले. आपण चुकलो हे तिला मान्यच होते.

रोचना मोठी झाली, उपवर झाली. धृतिमतीला ती मावशी म्हणे आणि लहानपणापासून तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली. एके सकाळी ती फुले घेऊन आली आणि अग्निशाळेच्या उंबऱ्याशीच थबकली.

"अगं, आत ये ना," धृतिमती म्हणाली.

"नको मावशी. मी इथेच बरी," रोचना खाली मान घालून म्हणाली. "काल महर्षींनी कथा सांगितली. या खेपेला त्यात मी होते. एका अभद्र घटकेला एक पोर जन्मली आणि अग्नी विझला, असं म्हणाले. माझ्या पायानं पुन्हा काही व्हायला नको."

धृतिमतीने तिच्या हातातली फुले घेतली. स्वतःसाठी आजवर जे सहन केले होते, त्यातले काहीच आता तिला सहन होईना.

त्याच वर्षीच्या कार्तिकी पौर्णिमेला आश्रमात मोठे सत्र भरले. जटाभारांनी मंडित, वल्कले परिधान केलेले, सूर्यतेजाने झळकणारे तपोधन यज्ञमंडपात विराजमान झाले होते. पूर्णाहुतीनंतर सर्वांनी आग्रह धरला आणि महर्षींनी कथा आरंभिली. "...आणि मग, हे तपोधनहो, ते उकळते जल मी भूमीवर सोडले!" असे ते म्हणाले, तोच धृतिमती उभी राहिली.

"स्वामी, ते जल पुन्हा ओंजळीत घ्या."

महर्षी दचकून म्हणाले, "भद्रे, हे काय मांडलेस? आम्ही कधी काही बोललो का?"

"बोलायचे काही शिल्लक ठेवले आहे का? तपोधनहो, तुम्हीही ऐका. शापाला मुदत असते, शापाला उःशाप असतो. कुणी शिळा होते, कुणी सरडा होतो. एक दिवस कुणाचा तरी पाय लागतो आणि ते मोकळे होतात. यांच्या क्षमेतून मोकळे व्हायला मला कुणाचा पाय लागायचा? त्या दिवशी शाप दिला असता, तर केव्हाच भोगून, गोदेत न्हाऊन मी घरी परतले असते. आता तर त्या निष्पाप पोरीलाही या क्षमेची झळ लागली. मला तुमची क्षमा नको. मला माझा शाप द्या!"

"कृतघ्ने!" हव्यघोष गर्जले. इतकी वर्षे गिळलेला क्रोध एकदम वर आला, आणि तो तिथे होता याचे आश्चर्य सभेत फक्त त्यांनाच वाटले. "या क्षमासागराच्या क्षमेची अशी परतफेड? कलकल करायची आहे ना तुला? मग साळुंकी हो आणि झाडाझाडावर कलकलत फिर!"

जल अंगावर पडण्यापूर्वी धृतिमतीने हात जोडले. मुखावर कित्येक वर्षांत न दिसलेले समाधान होते. "उपकार झाले," ती म्हणाली. दुसऱ्या क्षणी एक साळुंकी मंडपाच्या तुळईवर बसून पंख साफ करीत होती.

तेव्हा कुंडातून ज्वाला खांबाएवढी उंच झाली आणि तप्तसुवर्णकांती, पिंगलकेश, सप्तजिव्ह असा भगवान अग्नी प्रकट झाला. तो फार त्रासलेला दिसत होता.

"हुताशना," महर्षी घाईने म्हणाले, "तुझ्या अवमानासाठीच मी कोपलो होतो."

"माझ्या? अरे, मी अरणीतून पुन्हा जन्मलो आणि त्याच क्षणी सगळे विसरलो. मी विझलो होतो हे मला तुझ्याच तोंडून कळले, आणि त्यानंतर दर होमाला कळत आले आहे. तुपाच्या आहुतीपेक्षा तीच आहुती माझ्या वाट्याला जास्त आली. मला सात जिभा आहेत, हव्यघोषा, तरी मी इतके बोलत नाही."

अग्नी पुढे म्हणाला, "विसरणे मानवाच्या हाती नाही, हे मी जाणतो. पण गप्प राहणे आहे. म्हणून आजपासून हा नियम तिन्ही लोकांत चालेल. क्षमा एकदाच उच्चारावी. जो ती पुन्हा पुन्हा उच्चारील, त्याची क्षमा नष्ट होईल आणि तो अपराध मूळ अपराध्याला सोडून त्याच्याच गळ्यात पडेल. धृतिमती, तुझा शाप पुढच्या कार्तिकी पौर्णिमेला सरेल. मात्र तुझी इच्छा असेल, तरच तू स्त्रीदेह धारण करशील. नसेल, तर आकाश मोठे आहे."

साळुंकीने एकदा मान हलवली आणि ती उडून गेली.

मागे महर्षी एकटे राहिले. नव्या अतिथींनी कथेचा आग्रह धरला की सवयीने सांगायला बसत, पण शेवटी अतिथी विचारीत, "मग त्या माता कुठे आहेत?" आणि महर्षींना म्हणावे लागे, "त्यांना... मी शाप दिला." अतिथी पानावरचे संपवून मुकाट्याने निघून जात. क्षमेची कथा शापावर येऊन संपू लागली, तशी ती ऐकायला कुणी येईना.

साळुंकी वत्सलेच्या अंगणात दिसते असे ऐकून एक दिवस ते तिकडे गेले. साळुंकी त्यांना पाहताच उडाली. रोचना तिला नीवाराचे दाणे घालीत होती, तीही आत निघून गेली. वत्सलेने आसन मांडले, अर्घ्य दिले आणि ती हात जोडून म्हणाली, "महर्षी, रागावणार नसाल तर एक विचारू? त्या दिवशी मी मरत होते. ताई आल्या नसत्या तर आम्ही दोघीही राहिलो नसतो. तुमच्या कथेत मी कुठे आहे?"

महर्षींनी वेद कोळून प्यायले होते, पण त्या स्त्रीच्या वेदनांचा त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही विचार केला नव्हता, आणि आता केला तेव्हा त्यांना आपली फार लाज वाटली. ते अर्घ्य तसेच ठेवून उठले.

कार्तिकी पौर्णिमा आली. पहाटेच आश्रमाच्या औदुंबरावर साळुंकी येऊन बसली. महर्षी खाली उभे राहिले. सूर्य उगवला, शाप सरला, तरी साळुंकी साळुंकीच राहिली. महर्षींनी कंठ साफ केला आणि सांगितले की एकट्याने आश्रम सांभाळणे किती कठीण असते. साळुंकी वरच्या फांदीवर गेली. मग त्यांनी सांगितले की क्रोध हा तपस्व्याचा सनातन शत्रू आहे आणि याला शास्त्रांत पुष्कळ आधार आहेत. साळुंकी आणखी वर गेली. वेद मुखोद्गत असलेल्या माणसाला एक साधे वाक्य जुळवायला दुपार व्हावी! अखेर आधार संपले, शास्त्रे संपली, पाय दुखू लागले, आणि महर्षी मान खाली घालून म्हणाले, "धृतिमती, माझे चुकले. मला क्षमा कर."

औदुंबराखाली धृतिमती उभी होती. डोळे ओले होते आणि कपाळावर आठीही होती.

"केली," ती म्हणाली. "पुन्हा विचारू नका. मी पुन्हा सांगणार नाही."

आणि तिने ती खरोखरच पुन्हा कधी सांगितली नाही. घरात समिधा संपत, भात कमी पडे, दोघे कडाकडा भांडतही असत, पण त्या शापाचा उल्लेख तिच्या तोंडून निघाला नाही. महर्षींना कुणी क्षमासागर म्हटले की ते उठून गाईंना पाणी पाजायला जात.

अग्नीचा तो नियम मात्र अद्याप कायम आहे. क्षमा केलेला अपराध कुणी घरात पुन्हा उकरून काढला, 'तेव्हा मी तुला काही बोललो का?' असे कुणी कुणाला ऐकवले, की त्या अंगणातली साळुंकी कर्कश ओरडून अग्नीची आज्ञा सांगते. आणि कुठल्याही गावात, कुठल्याही प्रहरी कान देऊन ऐका, साळुंक्या गप्प बसलेल्या अजून कुणी पाहिलेल्या नाहीत.