साळू आत्या झाली

साळूच्या घरात दगड उदंड, भाकरी मात्र अर्धीच. तिची आई लोकांच्या पाट्या-वरवंट्यांना छिन्नीनं टाकी लावून द्यायची. पण तिची एकुलती एक छिन्नी झाली बोथट, आणि बोथट छिन्नीला काम कोण देतं?

त्यात आज धाकट्या भावाचं बारसं! बारशाला झोळीत आधी वरवंटा निजवतात, मग बाळ. घरातला शेवटचा वरवंटा कालच विकलेला.

"पाथरवटाच्या घरी वरवंटा नाही! बाया हसतील गं," आई म्हणाली. "जा साळे, एखादा गुळगुळीत गोटा आण."

साळू जांभळीच्या बनात गेली. तिथे कोवळ्या पिवळ्या उन्हात, इवल्या निळ्या फुलांत एक करडा दगड चमचमत होता. शेजारी चांदीच्या पंखांची इटुकली परी.

"हे माझं बाळ," परी म्हणाली. "मंगळ आणि गुरू यांच्या मधोमध लाखो दगड सूर्याभोवती फेर धरतात ना, त्यांतलं एक. तिथे डोंगराएवढं आहे हो! इथे येताना एवढुसं केलं. भेटलीच आहेस, तर इच्छा माग. पण एकच, आणि तोंडातून निघाली की बदलायची नाही."

छिन्नी! ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात साळूनं विचारलं, "याचं नाव काय?"

"नाव नाही गं. नुसता आकडा आहे."

दगडाची चमचम विझली.

"आकड्यानं कुणी हाक मारतं का लेकराला?" साळू कडाडली. "याला नाव मिळू दे! हीच माझी इच्छा."

"मिळेल. पण नाव ठेवायला आत्या लागते. याला आत्या कुठली?"

"मग मी काय मेले?"

परी साळूच्या वेणीत लपली. घरी दगडाला टोपडं घातलं, झोळीत निजवलं, बायांनी पाळणा म्हटला. साळू वाकली आणि थबकली.

"अगं बाई, याला कान कुठाय?"

बाया खदखदा हसल्या. साळूनं सरळ टोपड्यालाच तोंड लावलं. "धोंडू! कुर्रर्र!"

"दगडाचं नाव धोंडू?" आई म्हणाली.

"मग काय मोत्या ठेवू? धोंडू तर आज्याचं नाव आहे!"

धोंडू असा लकाकला की भिंतीभर गुलाबी, जांभळे, सोनेरी ठिपके नाचले. मग झोळीत बाळ निजलं, त्याचंही नाव झालं. धोंडू टुणकन उडाला, त्यानं कोपऱ्यातल्या छिन्नीवर अंग घासलं, ठिणग्यांची फुलं उडाली. छिन्नीला लखलखीत धार!

"पण माझी इच्छा तर संपली होती," साळू कुजबुजली.

"इच्छा कसली? हा मान आहे," परी वेणीतून उतरत म्हणाली. "आत्याला रिकाम्या हाती ठेवतात होय?"

लख्ख उजेड झाला. परी नाही, धोंडू नाही. नुसतं टोपडं, उबदार.

छिन्नी पुन्हा कधी बोथट झाली नाही, भाकरी पुन्हा कधी अर्धी झाली नाही. धोंडू वर फेर धरतोय. हाक मारा, पण नावानं. आकड्याला तो ओ देत नाही.