फुलवंतेच्या काड्या

गावाच्या उत्तरेकडच्या या तळ्यात एवढं गवत कसं, तुम्ही साफ का करत नाही, असं येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. एकदा केलं होतं साफ, बाप्पा. त्याचंच हे सगळं.

फार मागे आमच्या ढिवरांत, म्हणजे मासे धरणाऱ्यांत, फुलवंता नावाची बाई होती, असं सांगतात. नवरा गेलेला, पदरी एकच पोर, सगुणी. ती तापाने फणफणली, वैद्याने हात टेकले, तेव्हा फुलवंतेने तळ्याच्या पाळीवर, बांधावर बसलेल्या देवीआईला नवस केला की पोर वाचव, तुझं तळं ताटासारखं लख्ख करीन. पोर उठली. नवस फेडायला सारा ढिवरवाडा पाण्यात उतरला. गवत उपटलं, पोयणीचे, पाण्यातल्या कमळांचे, कांदे खणून फेकले. तळाची माती दिसेपर्यंत कोणी थांबलं नाही म्हणे.

आता मासोळी अंडी घालते ती गवताच्या बुडाशी. हे ढिवराच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण भक्तीच्या भरात अक्कल गहाण पडली. दोन पावसाळ्यांत जाळी रिकामी येऊ लागली. बदकं उतरेनात. एकेक घर उठून चाललं. लग्न झालेली सगुणीही नवऱ्यामागे निघाली.

"नको जाऊ वं, सगुणे," फुलवंता म्हणाली.

"राहून खाऊ काय, माय?"

जिच्यासाठी तळं उजाड केलं तीच चालली होती, आणि देवीला बोल लावावा तर तिने आपला शब्द पाळलेला.

मग फुलवंता दोन कोसांवरच्या बोडीतून, लहानशा तळ्यातून, गवताच्या काड्या डोक्यावर वाहून आणू लागली. गळ्याइतक्या पाण्यात उभी राहून पायाच्या बोटांनी चिखलात रोवायची. दर काडीला म्हणायची, "सगुणे, ये." सकाळी रोवलेलं संध्याकाळी तरंगायचं. ती पुन्हा रोवायची. अशी अकरा वर्षं गेली म्हणे. शेवटी गवताने मूळ धरलं, मासोळी आली, बदकं उतरली. सगुणी तेवढी आली नाही. फुलवंता वाट पाहून पाहून गेली बिचारी.

आजही आषाढातल्या आखाडीला आमच्या बाया तळ्यात उतरतात, आणि गाव सोडून गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेऊन एकेक काडी रोवतात. यंदा आमच्या घरच्या बाईने तीन रोवल्या. थोरला सुरतेला आहे, मधला हैदराबादेला. धाकटा कुठे आहे, आम्हाला माहीत नाही.