कचेरीतला रुग्ण

एकदा एका राजधानीत एक वृद्ध वैद्य राहत असत. वय ऐंशीच्या घरात, दात जेमतेम सात, आणि बोलणे त्याहूनही मोजके. त्यांच्यापाशी त्र्यंबक नावाचा एक शिष्य होता. तिशी ओलांडलेला, अकरा वर्षे गुरुगृही राहून सारे वैद्यकग्रंथ मुखोद्गत केलेला. ग्रंथ पाठ असलेल्या माणसाला पुष्कळदा उत्तर आधी सुचते आणि प्रश्न मागाहून ऐकू येतो. त्र्यंबकाचे नेमके तसेच होते. मनुष्याचे यच्चयावत रोग पोटातून निघतात, अशी त्याची दृढ श्रद्धा होती. कोणी पाय मुरगळून आला तरी तो आधी विचारी, "काल काय खाल्लंत?"

एके सकाळी सगुणाबाई आपल्या यजमानांना, विसाजीपंतांना, डोलीत घालून घेऊन आल्या. विसाजीपंत म्हणजे राजाच्या पत्रकचेरीतले मुख्य लेखक. राज्यातून निघणारी सगळी पत्रे, आज्ञा, आमंत्रणे नि ताकिदी त्यांच्या हाताखालून जात. वय सत्तेचाळीस, अक्षर मोत्यासारखे, चेहरा मात्र त्या दिवशी राखेसारखा. कचेरीचा जिना चढताना छातीवर कोणी पाटा ठेवावा तसे दडपण आले, डाव्या हातातून कळ गेली, दरदरून घाम फुटला आणि ते पायरीवरच बसले.

वैद्यांनी बराच वेळ नाडी धरली. "काळजाला धक्का बसलाय," ते म्हणाले. "या खेपेला निभावलं. पूर्ण विश्रांती हवी."

औषध वैद्यांनी दिले आणि पथ्य त्र्यंबकाने. भजी नको, वडे नकोत, लोणचे नको, तूप नावापुरते, आणि पापडाचा तर विचारसुद्धा नको. विसाजीपंत महिनाभर घरी राहिले. चेहऱ्यावर रंग आला, झोप लागू लागली. एकतिसाव्या दिवशी ते कचेरीत गेले आणि चौतिसाव्या दिवशी दोघा सहकाऱ्यांच्या खांद्यांवर हात टाकून पुन्हा वैद्यांच्या ओटीवर आले. मागोमाग सगुणाबाईही आल्या.

"तळण खाल्लं असणार!" त्र्यंबक म्हणाला.

सगुणाबाईंचा संयम तिथे सुटला. "कशातलं खातील? तुमच्या त्या यादीत पाण्याशिवाय काही उरलंय का? गेला महिनाभर मी दुधी शिजवतेय नि हे माझ्याकडे तिऱ्हाइतासारखं बघतायत."

वैद्य हसले. मग त्यांनी हळूच विचारले, "बाई, घरी असताना यांचं वागणं कसं होतं? काही निराळं?"

सगुणाबाई जरा घुटमळल्या. "सांगायला लाज वाटते. देवळात आरतीची घंटा वाजली की हे देवाकडे पाठ करतात नि धावत सुटतात. एकदा तर थेट देवळाच्या शिखराचा जिना चढले. वर जाऊन हात जोडून उभे. पुजारी म्हणाला, देव खाली आहे."

त्र्यंबकाला हसू आले. वैद्यांना आले नाही. त्यांनी विसाजीपंतांना आपल्याच घरी ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी शिष्याला म्हणाले, "पागोटं घाल. कचेरीत जायचंय."

पत्रकचेरी तळमजल्यावर होती. नऊ लेखक नऊ मेजांमागे मान खाली घालून बसले होते. त्यांच्या डोक्यावर तुळईला एक पितळी घंटा टांगलेली होती आणि तिची दोरी छताच्या भोकातून वरच्या मजल्यावर, कारभाऱ्यांच्या खोलीत गेली होती. कारभाऱ्यांनी दोरी ओढली की मुख्य लेखकाने हातातले काम टाकून बावीस पायऱ्या चढून वर जायचे, असा बारा वर्षांचा शिरस्ता होता. विसाजीपंतांच्या जागी सध्या रायाजी नावाचा तरुण बसला होता. रोज पहाटे तालमीत जाणारा, मान रेड्यासारखी, दंड खांबासारखे. त्र्यंबकाने सवयीने त्याला खाण्यापिण्याचे विचारून घेतले. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

"याची नाडी धर," वैद्य म्हणाले, "आणि संध्याकाळपर्यंत सोडू नकोस. संथपणे एक श्लोक म्हणून होईतो ठोके किती पडतात ते मोजत राहा."

मग त्र्यंबक त्या पैलवानाचा डावा हात हातात घेऊन बसला. रायाजी उजव्या हाताने लिहीत होता. येणारेजाणारे थबकून पाहत आणि काही न विचारता पुढे जात. कचेरी उघडली तेव्हा नाडी श्लोकाला अकरा होती.

घंटा वाजली. अठरा ठोके! रायाजी उठला, त्याच्याबरोबर त्र्यंबकही फरफटत जिना चढला. वर कारभाऱ्यांनी विचारले, "सीमेवरच्या किल्लेदाराचं पत्र झालं का?" झाले नव्हते; तेच लिहीत असताना घंटा वाजली होती. दोघे खाली आले. तीन ओळी होताहेत तोच पुन्हा घंटा. किल्लेदाराचे राहू दे, मांडलिक राजाचे आधी घ्या. पुन्हा घंटा. मांडलिकाचे का घेतले, किल्लेदाराचे कुठे आहे? पुन्हा घंटा. माझी शाल कुठे आहे? शाल कारभाऱ्यांच्या खांद्यावर होती.

दुपारपर्यंत रायाजीच्या मेजावर सात अर्धी पत्रे साचली. मागच्या महिन्यात अशाच घाईत एका मांडलिक राजाला पुत्रजन्माच्या अभिनंदनाऐवजी सांत्वनाचे पत्र गेले होते आणि त्या राजाने उलट टपाली "कोण गेले?" असे कळवळून विचारले होते.

तिसऱ्या प्रहरी कारभाऱ्यांचा डोळा लागला. घंटा बराच वेळ गप्प राहिली. आता नाडी उतरेल म्हणून त्र्यंबक वाट पाहू लागला. एक श्लोक झाला, दहा झाले. सोळा. तरीही सोळाच.

"गुरुजी, घंटा वाजत नाही आणि नाडी काही उतरत नाही!"

रायाजी लिहिता लिहिता म्हणाला, "वाजली की उलट बरं वाटतं हो. एकदाची वाजली, असं होतं. ती वाजायची वाट बघत बसणं, ते वाईट."

वैद्य उठले. त्यांनी एक चौरंग ओढला, त्या वयात त्याच्यावर चढले आणि नऊ लेखकांच्या डोळ्यांदेखत ती घंटा दोरी सोडवून आकडीवरून काढली. "त्र्यंबका, धर. रुग्ण सापडला. आपल्या घरी नेऊ."

त्र्यंबकाला वाटले, गुरूंना भ्रम झाला. पण अकरा वर्षांची सवय म्हणून त्याने घंटा उचलली. भर बाजारातून तो चालला आणि प्रत्येक पावलाला ती वाजत राहिली. देवाची स्वारी येतेय असे समजून लोक बाजूला होत होते. एका म्हातारीने त्याच्या पायावर तांदूळही वाहिले.

घरी आल्यावर वैद्यांनी घंटेसाठी खाट मांडायला सांगितली. खाली गादी, वर कांबळे, लोलकाला मऊ कापसाची पट्टी. त्र्यंबकाने सगळे केले. त्याचे कान लाल झाले होते. न राहवून त्याने थोड्या खवचटपणेच विचारले, "आणि पथ्य काय द्यायचं, गुरुजी?"

"मौन," वैद्य म्हणाले.

तेवढ्यात कारभारी आले. झोपेतून उठून त्यांनी दोरी ओढली होती आणि ती सगळीच्या सगळी त्यांच्या अंगावर येऊन पडली होती. "वैद्यराज! सरकारी घंटा चोरलीत?" ते अंगणातूनच गरजले. "अहो, राज्य बंद पडेल!"

"चोरली नाही," वैद्य शांतपणे म्हणाले. "दाखल करून घेतली."

कारभारी काही बोलणार, इतक्यात राजवाड्याच्या गच्चीवरून शंख वाजला. तो महाराजांचा शंख. तो वाजला की कारभाऱ्यांनी असतील तिथून वाड्यावर हजर व्हायचे. कारभाऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी घाईने जोडा घातला, तो वैद्यांचा. दुसरा घातला, तो उलटा. आणि छातीवर हात दाबून ते ओटीच्या कडेला मटकन बसले.

"त्र्यंबका, नाडी," वैद्य म्हणाले.

त्र्यंबकाने मनगट धरले. एक श्लोक म्हणून होईतो ठोके मोजले. "बावीस," तो म्हणाला, आणि "काल काय खाल्लंत?" हे त्याच्या ओठांवर आलेच नाही.

वैद्यांनी कारभाऱ्यांना आडवे केले, मात्रा चाटवली, छातीवर हात ठेवून बसले. कळ ओसरली तेव्हा ते शिष्याकडे वळून म्हणाले, "तू पोट तपासलंस ते चुकलं नाही. पथ्य हवं, औषध हवं, रोजचं चालणं हवं. ते कुणी सोडू नये. पण माणूस दिवसाचा मोठा भाग जिथं घालवतो, ती जागाही तपासायची असते. वाघ दिसला की काळीज धावतं. धावलंच पाहिजे, म्हणून तर माणूस वाचतो. वाघ गेला की ते शांत होतं. पण घटकाघटकेला वाघ यायचा असेल, आणि पळायची मुभा नाही, झुंजायची नाही, नुसतं बसून वाट पाहायची, तर काळीज शांत व्हायचंच विसरतं. बसल्या जागी धावत राहतं. वर्षानुवर्षं असं धावलं की त्याच्या वाटा आतून आखडत जातात. कामानं बैल थकतो, पण रात्री विसावला की सकाळी उभा राहतो. सारखी पराणी टोचली तर तो खचतो. माणसाचं निराळं नाही."

कारभारी डोळे मिटून ऐकत होते. ते क्षीण आवाजात म्हणाले, "म्हणजे मी वाघ?"

"तुमच्याही पाठीमागे एक आहेच की," वैद्य म्हणाले. "वाघाला वाघ लागलाय, कारभारी. तुम्ही पळता म्हणून पंत पळतात."

"अहो, पण मी नाही ओढली दोरी, आणि काम अडलं, तर महाराज..." इतका मोठा माणूस, पण त्या क्षणी तो कचेरीतल्या दहाव्या मेजामागे बसल्यासारखा दिसत होता.

वैद्य त्याच पावली वाड्यावर गेले. महाराजांनी सगळे ऐकले आणि ते चकित झाले. "आम्हांला वाटे, तो हौसेनं धावत येतो!" ते म्हणाले. त्यांनी कारभाऱ्यांना भेटीसाठी सकाळची एक वेळ नेमून दिली आणि शंख फक्त शत्रू चालून आला तर फुंकावा अशी आज्ञा केली.

कचेरीतही थोडे बदल झाले, फार नाहीत. पत्रे तेवढीच राहिली, लेखक नऊच राहिले. सकाळी कारभारी खाली उतरून दिवसाची कामे सांगत. कोणते आधी घ्यायचे, कसे करायचे ते लेखक आपसांत ठरवीत. पहिल्या आठवड्यात कारभाऱ्यांचा हात सवयीने हवेतच दोरी शोधत राही. राज्य काही बंद पडले नाही. उलट त्या महिन्यात ज्याला अभिनंदन जायचे त्याला अभिनंदनच गेले.

विसाजीपंत दोन महिन्यांनी कामावर परतले, तेही अर्ध्या दिवसापुरते. झिजलेले काळीज काही नवे होत नाही. काढा त्यांना जन्मभर घ्यायचा होता आणि दुधीपासूनही सुटका नव्हती. पहिल्या दिवशी त्र्यंबक नाडी पाहायला कचेरीत गेला. तो श्लोक सुरू करतो आहे तोच जिन्यावर पावले वाजली. कारभारी खाली येत होते. नऊ लेखण्या थांबल्या.

कारभारी पंतांच्या मेजापाशी येऊन उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "पंत, ते दक्षिणेकडचं तहाचं पत्र... केव्हापर्यंत होईल?"

विसाजीपंतांना चोवीस वर्षांच्या चाकरीत 'केव्हापर्यंत हवे' हे अनेकदा सांगण्यात आले होते. 'केव्हापर्यंत होईल' असे कोणी विचारले नव्हते. त्यांनी लेखणी खाली ठेवली, क्षणभर विचार केला. "उद्या दुपारी," ते म्हणाले.

"बरं," कारभारी म्हणाले. "तुमच्या हातचं पत्र गेलं की निर्धास्त वाटतं." आणि ते पुढच्या मेजाकडे वळले.

पंतांचे डोळे भरून आले. ते पाहताना त्र्यंबकाची मोजणी चुकली. त्याला श्लोक पहिल्या चरणापासून पुन्हा म्हणावा लागला.

घरी येऊन त्याने हरखून सांगितले, "गुरुजी, बारा! स्वच्छ बारा."

वैद्यांनी समाधानाने मान हलवली. थोड्या वेळाने विचारले, "आणि कारभाऱ्यांची?"

ती पाहायचे त्र्यंबकाच्या मनातच आले नव्हते. तो उठला, उतरवून ठेवलेले पागोटे पुन्हा डोक्यावर चढवले, आणि कचेरीच्या वाटेला लागला.