भट्टीवरच्या बायकांची श्रेणी

मिरजेजवळच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात कामगारांच्या श्रेणी ठरवायच्या होत्या. श्रेणीवरच पगार ठरणार, म्हणून सगळे जीव मुठीत धरून बसले होते. मालक ओसवालशेठ मुद्दाम हजर होते. मॅनेजर तळवलकरांनी ऐटीत जाहीर केलं, "भट्टीवरच्या बायका अकुशल! ज्याला प्रत्येक गोष्ट वरच्याला विचारून करावी लागते, तो अकुशल. जो न विचारता करतो, तो कुशल."

बायकांचे चेहरे पडले. त्यांची पुढारी इंदुमती गुरव मात्र उठून उभी राहिली. "साहेब, आच कमी करायची तर तुम्हाला विचारायचं, हा नियम तुमचाच ना?"

"अर्थात."

"काल बिस्किटं करपायला लागली, तेव्हा मी विचारलंच. मग तुम्ही शेठना फोन लावलात."

"लावणारच! विचारायला नको?"

"मग साहेब, तुम्हीही आमच्याच श्रेणीत आलात की! तुमच्या व्याख्येनं इथं कुशल एकच, गोदामातलं मांजर. ते कुणाला न विचारता उंदीर धरतं."

हास्याचा स्फोट झाला. शेठनी डोळे पुसत विचारलं, "मग बाई, कुशल कुणाला म्हणायचं?"

"बिस्किट करपण्याआधी ज्याला वास येतो, त्याला."

शेठनी मान डोलावली. "तळवलकर, हीच व्याख्या लिहा. भट्टीवरच्या सगळ्या बायका आजपासून कुशल!"

तळवलकरांनी पेन उघडलं आणि सवयीनं मान वर केली, "शेठ, आत्ताच लिहू ना?"