पाठमोरा गेनू

पुष्कळ वर्षं झाली. सोनतळ्याच्या माळावर तेव्हा एकही घर नव्हतं. नुसती भैरोबाची घुमटी होती आणि खाली उताराला एक बिनकठड्याची विहीर. चैत्रात भैरोबाची जत्रा भरली की त्या माळावर दोन गावांचा हुतुतूचा सामना व्हायचा, सोनतळे आणि कासारखेड. जिंकलेल्या गावाचा सगळ्यात भारी गडी वर्षभर हातात चांदीचं कडं घालून मिरवायचा, आणि ते कडं सलग सोळा वर्षं एकाच मनगटावर होतं. गेनू ढवळ्याच्या.

विहिरीत पडलेल्या घागरी बुडी मारून काढून देणं हे गेनूचं काम. त्यातूनच त्याचा दम वाढला. तो ‘हुतुतू’ म्हणत मधली रेघ ओलांडून गेला, की परत येईस्तोवर बाईची भाकरी थापून, भाजून, फुगून व्हायची, असं म्हणतात. एकदा त्याच्या एका चढाईत पंचांनी चिलीम भरून ओढून संपवली, असंही म्हणतात. पंचांनी स्वतः मात्र अर्धीच ओढल्याचं कबूल केलं होतं. काही असो, सोळा वर्षांत त्याला धरून ठेवणारा गडी निघाला नव्हता.

हौसा ही सोनतळ्याची लेक, दिली होती कासारखेडात. तिचा नवरा शिरपती पाय धरण्यात नामी. म्हणजे जत्रेच्या दिवशी माहेरचा गेनूदादा चढाईला आणि घरचा धनी त्याच्या पायाखाली दबा धरून. जावा तिला चिडवायच्या, कुणाच्या नावानं ओरडणार गं बाई? हौसा म्हणायची, मी आपली येसूला सांभाळत बसेन. येसू म्हणजे तिची लेक, दीड वर्षाची, नुकते पाय फुटलेली.

त्या वर्षी कासारखेडनं जिवाचं रान केलं. सामना बरोबरीत आला आणि शेवटची चढाई उरली. गेनू आत शिरला. दोन गडी त्यानं बोटानं टिपले, तिसऱ्याला हूल दिली, आणि तेवढ्यात शिरपतीनं झेप घेऊन त्याचा घोटा धरला. धरला तो धरलाच. माळावर एकच गलका उठला. हौसाही उठून उभी राहिली. येसूला तिनं क्षणभरच खाली ठेवलं होतं. निदान पुढं पुष्कळ वर्षं ती असंच सांगायची.

गेनूचं तोंड कासारखेडच्या शेवटच्या रेघेकडं होतं. त्या बाजूला उतार, म्हणून तिथं कुणी बघायला उभं राहत नसे. कासारखेडच्या गड्यांची तिकडं पाठ होती आणि सोनतळ्याच्या गड्यांचे डोळे गेनूच्या पायांवर होते. गेनूनं मान वर केली. एक झटका देऊन घोटा सोडवून घेतला. आता वळायचं, मधली रेघ गाठायची, आणि कडं सतराव्या वर्षीही हातात. पण तो वळला नाही. ‘हुतुतू हुतुतू’ करत तो सरळ पुढं पळत सुटला.

शिरपती मातीत पडल्या पडल्या ओरडला, “अरं ए बाबा, रेघ तिकडं हाय तुझी!”

गेनूनं शेवटची रेघ ओलांडली. सोनतळ्याच्या म्हाताऱ्यांचे हात डोक्याला गेले. कुणाला वाटलं याला वेड लागलं, कुणाला वाटलं विकला गेला. तो उतारावरून धावत होता, तोंडातला हुतुतू अजून तुटला नव्हता, आणि त्याच हुतुतूसकट त्यानं विहिरीत उडी टाकली.

तेव्हा हौसानं खाली पाहिलं. पायाशी येसू नव्हती.

ती धावली, तिच्या मागं दोन्ही गावं धावली. विहिरीचं पाणी काळंशार, वर कुणीच नाही, नुसते बुडबुडे. एकामागून एक वर यायचे आणि फुटताना प्रत्येकातून ‘तू’ असा आवाज यायचा, असं म्हणतात. मग पाणी दुभंगलं. आधी येसूचं डोकं वर आलं, मग गेनूचं, आणि गेनूच्या ओठांवर तोच हुतुतू, त्याच दमातला.

येसूच्या नाकातोंडातून पाणी बाहेर आलं आणि तिनं टाहो फोडला. गेनूनं तिला हौसाच्या ओटीत घातलं.

“घे पोरी. रडतीया, म्हंजी दम हाय हिच्यात.”

मग तो ओलाचिंब पंचांसमोर गेला आणि म्हणाला, “रेघ वलांडली. म्या बाद.” गेनूनं आपल्या हातानं कडं काढून शिरपतीच्या मुठीत कोंबलं. शिरपती ते हातात घेऊन बसला. घालायचं त्याला काही सुचेना.

गेनू पुन्हा खेळला नाही. त्याचा दम त्या विहिरीत राहिला, असं म्हणतात. साधा चढ चढतानाही त्याला धाप लागायची. पण पुढच्या जत्रेला तो आला. सामना सुरू झाला आणि लोक बघतच राहिले. एवढा नावाजलेला गडी उताराच्या टोकाला, खेळाकडं पाठ करून उभा होता. हौसा येसूला कडेवर घट्ट धरून त्याच्यापाशी गेली.

“गेनूदादा, बघवत न्हाई का?”

“खेळ काय, ऐकू येतो,” गेनू म्हणाला. “पोर काठाला जाताना आवाज करत न्हाई.”

हौसानं मान खाली घातली. म्हातारपणी ती खरं सांगायला लागली. क्षणभर नव्हतं बाई ते. अख्खी चढाई होती. मी वरडत हुते, आणि सगळा माळ बघत हुता, आणि माझ्या पोरीकडं बघणारा एकच माणूस हुता, ज्यानं बघायला नको हुतं.

त्यानंतर दर जत्रेला गेनू तसाच उभा राहिला. तो वारला त्या वर्षी पाठमोरं उभं कोण राहणार म्हणून दोन्ही गावांत वाद लागला. वाद संपायच्या आत येसू आपलं तान्हं सासूकडं देऊन जागेवर जाऊन उभी राहिली होती. बाईमाणूस असूनही कुणी हरकत घेतली नाही. शिरपतीनं इतकी वर्षं स्वतः न घातलेलं आणि कुठल्या जिंकणाऱ्यालाही न दिलेलं कडं आणून लेकीच्या हातात चढवलं.

विहिरीला आता कठडा आहे, वर जाळीही आहे. तरी चैत्रात सामना लागला की कडं जिंकणाऱ्याला मिळत नाही. ते पाठमोऱ्याला मिळतं, आणि शेवटची चढाई संपेस्तोवर तो मागं वळून बघत नाही. त्याला ‘गेनू’च म्हणतात, मग तो कुणीही असो. गेनू उभा आहे म्हणून माळावरच्या आया निर्धास्त ओरडतात, टाळ्या पिटतात. तरी मधूनच एकेकीची मान खाली वळते आणि हात पदराशी चाचपतो, पोर आहे ना म्हणून.