ग्रीक मालकाचा पाहुणचार

शर्वरी कर्णिक माझी एकेकाळची विद्यार्थिनी. सिंगापूरच्या एका बड्या गुंतवणूक बँकेत ती फार वरच्या हुद्द्यावर पोचली. एका व्यवहारासाठी तिनं मला सल्लागार म्हणून बोलावलं. माझा काय उपयोग होणार होता, हे मला अजून कळलेलं नाही.

जहाजमालक रणधीर भोगले यांना ग्रीसमधली एक जहाज कंपनी दुप्पट भावानं विकत घ्यायची होती. त्यात ते बुडणार, हे शर्वरीला दिसत होतं. पण बैठकीला बसताक्षणीच भोगल्यांनी बजावलं, "कर्णिकबाई, जो 'नको' म्हणेल त्यानं दार गाठायचं!" आणि हे गिऱ्हाईक गेलं तर तुझी नोकरीही गेली, असं वरिष्ठांनी तिला सांगून ठेवलं होतं. घाम मात्र मला फुटला.

"तिथला मालक भलताच दिलदार," भोगले रंगात आले. "विमानतळावर स्वतः घ्यायला आला. आपल्या हातानं मासे वाढले!"

"वा!" शर्वरी म्हणाली. "साहेब, समजा ती कंपनी तुमची असती आणि कुणी हाच भाव दिला असता, तर विकली असती?"

भोगले खदखदून हसले. "न विकायला मी काय खुळा आहे? असं गिऱ्हाईक डोक्यावर घेऊन नाचलो असतो!"

"मासेही वाढले असते?" शर्वरीनं हळूच विचारलं.

भोगल्यांचं हसू तिथंच थांबलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही 'नको' म्हणाला नाहीत हं."

"नाही साहेब. तुम्हीच म्हणालात."

तो व्यवहार मोडला, आणि भोगल्यांचे पुढचे सगळे व्यवहार शर्वरीकडे आले. मी मात्र 'नको'ची कारणं तासभर समजावत बसलो असतो, आणि भोगले पहिल्या मिनिटालाच उठून गेले असते.