कुठं अडतं?

टक्. मग जरा थांबून पुन्हा टक्. पावसाळा सरून चिखल वाळला की त्या मुलुखात हा आवाज सकाळपासून ऐकू येई. ज्यांनी तो ऐकला ते आता थोडेच उरले आहेत. आवाज मोठा नव्हता. भिंतीच्या आत कुणी आहे का, अशी बाहेरून हळूच चौकशी करावी, तसा होता.

त्या मुलुखात आधी ज्याचे काम त्याच्या बिळात चाले. मुंगी काय साठवते हे घुशीला माहीत नसे, आणि घूस कुठून पोखरते आहे हे सशाला कळे तेव्हा त्याचे घर खचलेले असे. कष्ट सगळेच करत, पण एकाचे काम दुसऱ्याच्या कामाला लागत नसे. मग वाळवीने एक वारूळ उभे केले. त्यात येण्याजाण्याचे बोळ होते, निरोप ठेवायला कोनाडे होते, आणि कुणीही कुणाच्या शेजारी बसून काम करावे अशी ऐसपैस दालने होती. वाळवी तेव्हा मोकळ्या मनाची होती. सगळ्यांच्या गरजा आपल्या एकटीच्याने भागणार नाहीत हे ओळखून तिने बाहेरच्या भिंतीला एकसारखी भोके ठेवली आणि सांगितले, "भोक आमचं, खोली तुमची. ज्याला जशी हवी तशी जोडा."

तेव्हापासून कुंभारीण माश्या, पाकोळ्या, ज्यांच्या अंगात मातीकाम होते ते सगळे खोल्या करू लागले. खोलीच्या मागे मातीची एक जीभ काढायची, ती भोकात बसवायची, की खोली भिंतीला धरून राही. जीभ लांब झाली तर खोली बाहेर लोंबे. आखूड झाली तर वाऱ्याने सुटे.

साळोबा नावाच्या एका सायाळाला मातीकाम येत नव्हते. त्याच्या पाठीवर काटे मात्र होते. त्याने एक सरळ काटा घेतला, भोकात घालून तळाला टेकवला, टक् असे वाजले तिथे थांबला, आणि भोकाच्या ओठापाशी काट्यावर दाताने खूण केली. मग दुसरे भोक, तिसरे. सगळी भोके सारखीच खोल निघाली. जीभ या खुणेइतकी करावी, एवढेच ते माप सांगत असे. असली मापे तो करी आणि मागेल त्याला देई. त्याने स्वतः एकही खोली बांधली नाही. पण त्या भिंतीवर अशी खोली नव्हती जिच्या जिभेला त्याच्या काट्याची लांबी नव्हती.

वर्षातून एकदा, चिखल वाळल्यावर, ही सगळी मंडळी पळसाखाली जमत. बोलावणे कुणी करत नसे. ज्याने वर्षभरात एखादे हत्यार केले असेल त्याने ते धुळीत ठेवायचे, दोन पावले मागे सरायचे आणि विचारायचे, "कुठं अडतं?" बाकीच्यांनी सांगायचे. तिथे 'छान' हा शब्द हसण्यावारी नेला जाई.

एकदा खेकडेबुवा कुंभारणीची नवी थापी पाहून म्हणाला, "छान आहे हो, बाई."

"म्हणजे हात लावला नाहीत, बुवा."

"हात कुठला आणू? नांगी लावली."

"मग बोला की. कुठं अडतं?"

"मूठ जाड झालीय. तुमच्या पायाला बसते, आमच्या नांगीतून सुटते."

"तुमच्या नांगीला काय बसतं? गेल्या वर्षी माझी चाळणी मोडून आणलीत."

"मोडली म्हणून तर कच्ची होती हे कळलं ना तुम्हाला."

सगळे हसले. कुंभारणीने थापीची मूठ तिथेच तासली. संध्याकाळपर्यंत ती थापी चार जणांच्या हातांतून गेली आणि कुणाची म्हणून ओळखू येईना. त्या दिवशी घरी जाताना साळोबाच्या मापावर दोन नव्या खुणा झाल्या होत्या, आणि तो चिंचोके भाजल्याच्या वासातून एखाद्या लग्नाहून परतावे तसा सावकाश चालत होता.

वारूळ वाढले. आता डोंगरापलीकडूनही प्राणी तिथे कामाला येत. वाळवीला वाटले, आपल्याच भिंतीवर राबणाऱ्यांनी उन्हात, धुळीत का बसावे? तिने सगळ्यांना आतल्या थोरल्या दालनात बोलावले. त्यात वाईट काही नव्हते. सावली होती, मधाचे पाणी होते. प्रत्येकाच्या गळ्यात नाव लिहिलेले पान बांधले जाई. जन्मभर ज्याला हाकेने ओळखले त्याच्याकडे पाहतानाही नजर आधी पानाकडे जाई. रांगेने बसायचे असे. ज्याची पाळी येई त्याने उंचवट्यावर चढून हत्यार दाखवायचे, आणि खालून सगळ्यांनी पंख फडफडवायचे.

पहिल्याच वर्षी खेकडेबुवाने उंचवट्यावरून "कुठं अडतं?" असे विचारले, तर यजमान वाळवी लगबगीने पुढे आली. "आज आनंदाचा दिवस आहे, बुवा. अडल्यानडल्याचं त्या कोपऱ्यातल्या मडक्यात टाकायचं. आमच्यातलं कुणीतरी बघेल." ते मडके भरलेले कुणी पाहिले नाही, आणि रिकामे करतानाही पाहिले नाही. पुढच्या वर्षी खेकडेबुवा आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी कुंभारीण गेली. तिच्या मागे तिची लेक गेरू मातीकाम करू लागली.

साळोबा म्हातारा झाला होता. त्याचे काटे ठिसूळ झाले होते, जागोजाग वाकले होते. माप करण्यासारखा लांब, सरळ असा एकच काटा पाठीच्या मधोमध उरला होता. तो काढावा की राहू द्यावा, हे त्याचे ठरत नव्हते. काढलेला काटा या वयात पुन्हा येणार नव्हता. जुन्या मापात काही अडत असेल तरच नवे करण्यात अर्थ होता.

म्हणून त्या वर्षी तो दालनात गेला. त्याने उंचवटा टाळला, माप खालीच ठेवले आणि भोवतीच्यांना विचारले, "कुठं अडतं?"

"छान आहे," पाकोळी म्हणाली.

"फारच छान," पलीकडून कुणी म्हणाले.

गेरू मागे बसली होती. साळोबाने तिच्याकडे पाहिले. ती मान खाली घालून म्हणाली, "छान आहे, आजोबा."

साळोबाने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि माप उचलले. पळसाखालच्या दिवसांत या शब्दाचा जो अर्थ होता तोच त्याला ठाऊक होता. आपले माप आता कुणी हातात घेत नाही, असे तो समजला. त्याला राग आला नाही. नव्यांनी काही नवे काढले असेल, काढावेच. तो घरी गेला आणि पाठीवरचा काटा तसाच राहिला.

वाळवी मात्र त्या जमण्याआधीपासूनच भोके आतून कोरत होती. दालने वाढवायला तिला माती लागत होती. भोके आधीपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी जास्त खोल झाली. तसे कळवायचे काम ज्या वाळवीकडे होते ती वरच्या मजल्यावर गेली होती, आणि खाली तिच्या जागी कुणी आले नव्हते.

पुढे एके दिवशी साळोबा कंद शोधत वारुळाच्या पाठीमागे गेला. जमणे आत होऊ लागल्यापासून त्या भिंतीकडे तो फिरकला नव्हता. त्याने वर पाहिले. खोलीमागून खोली, आणि प्रत्येक खोलीच्या सांध्यावर ओल्या मातीचा एक पट्टा. सगळे पट्टे सारख्याच रुंदीचे होते. एका पट्ट्यावर गेरू नवा लेप देत होती. तिच्या खोलीत अंडी होती, आणि खोली वाऱ्यासरशी हलत होती.

"हे लिंपण कशाचं, पोरी?"

"सांधा सुटतो, आजोबा. रोज थोडा सुटतो. माझा हातच कच्चा आहे."

"शेजारच्या पाकोळीचाही कच्चा?"

गेरूने वळून पाहिले. इतरांच्या सांध्यांकडे तिने कधी पाहिले नसावे. "तिनं मला काही सांगितलं नाही."

"माप कुणाचं घेतलंस?"

"तुमचंच. सगळे तुमचंच घेतात."

साळोबाने कमरेचे जुने माप काढून एका रिकाम्या भोकात घातले. खूण ओठापाशी थांबली नाही. ती आत गेली आणि दिसेनाशी झाली.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तुम्ही आईच्या बरोबरीचे. चार जणांत तुमच्या कामाला नाव कसं ठेवायचं?"

"तुझी आई असती तर तिनं मला उभा सोलला असता."

गेरूला हसू आले, पण तिची नजर अंड्यांच्या खोलीवर होती. साळोबा उन्हात खाली बसला. त्याने मागे पंजा नेला, डोळे मिटले आणि पाठीच्या मधोमधचा काटा उपटला. जिथून तो निघाला तिथे रक्ताचा ठिपका आला. अंदाजाने दाताची खूण करून त्याने काटा गेरूपुढे ठेवला.

"सांग. कुठं अडतं?"

गेरूने काटा भोकात घातला. "जरासं आखूड आहे. म्हणजे तसं चालेल—"

"चालेल नको म्हणूस. किती?"

"माझ्या पायाच्या नखाएवढं."

म्हाताऱ्याचा चेहरा कितीतरी वर्षांनी उजळला. त्याने खूण पुढे सरकवली. तिने पुन्हा घातले. "आता खाच तिरपी वाटते. डावीकडून जास्त आहे." त्याने ती सरळ केली. दोघांची डोकी काट्यावर वाकली होती, आणि दालनातून पंखांची फडफड ऐकू येत होती. तिकडे दोघांचेही लक्ष नव्हते.

तिसऱ्या वेळी काटा तळाला टेकला आणि खूण ओठाशी येऊन थांबली. गेरूने तो फिरवून पाहिला, दुसऱ्या भोकात घालून पाहिला, तिसऱ्यात घालून पाहिला. साळोबा तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने त्याच्याकडे एकदा पाहिले, 'छान' म्हणायला तोंड उघडले, आणि मिटले. मग काटा तोंडात धरून ती भिंतीवरून पाकोळीच्या खोलीकडे चालू लागली.